पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राची उजळणी: एक जनुक धरा आणि त्याच्या मागे चला

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिक्षण संगणक अभियांत्रिकीचं, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. आता जैवमाहितीशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळालाय आणि वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत. धडे वाचताना सगळं समजतं, पण पुस्तक मिटलं की रायबोसोम, पेशीपटल, ट्रान्सक्रिप्शन ही सुटी सुटी नावं तेवढी उरतात. सुरुवात कुठून करावी, आणि काय सोडलं तर चालेल?

मी हा विषय महाविद्यालयात शिकवतो. त्याआधी रक्तविकारांच्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम केलंय, त्यामुळे माझं उत्तर रक्ताकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली गोष्ट, धडेवार वाचणं थांबवा. आधी रसायनं, मग पटल, मग अंगकं, मग ऊर्जा, मग डीएनए, हा पाठ्यपुस्तकांचा क्रम शिकवणाऱ्याच्या सोयीचा असतो. पेशीत हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि एकमेकांवर अवलंबून असतं. पहिल्यांदा शिकणाऱ्याला तो क्रम ठीक आहे. उजळणी करणाऱ्याने मात्र एक जनुक निवडावं आणि त्याच्या मागोमाग पेशीभर फिरावं. वाटेत जो धडा लागेल तो तेव्हा उघडावा, हवा तेवढाच वाचावा.

माझी निवड बीटा ग्लोबिनची. हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीचं हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. लांबी जेमतेम सोळाशे बेस-जोड्या (डीएनएची समोरासमोर जुळलेली अक्षरं), म्हणजे मानवी जनुकांमध्ये अगदी लहान. आणि आई-वडील दोघांकडून आलेल्या प्रतींत त्यातलं एक ठरावीक अक्षर बदललेलं असलं की सिकलसेल होतो, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या भागांत हा आजार घराघरात माहीत आहे. सरकारने २०२३ साली राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, तिचं उद्दिष्ट २०४७चं आहे. म्हणजे तुम्ही जे शिकाल ते केवळ परीक्षेपुरतं नाही.

वहीत या जनुकाची सुरुवात लिहून काढा: एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी, जीएजी, एएजी. आता कोडॉनचा तक्ता (तीन अक्षरांचा कुठला शब्द कुठल्या अमिनो आम्लासाठी ते सांगणारा) समोर ठेवून स्वतः वाचा. मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडीन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन. सिकलसेलमध्ये पहिल्या जीएजीचा जीटीजी होतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं.

इथे थांबून दोन गोष्टी बघा. जीटीजी हाच शब्द दुसऱ्या जागीही आहे आणि तिथे तो मुळातच आहे, कुणाचं काही बिघडत नाही. म्हणजे व्हॅलिन वाईट नाही, ते कुठे बसतं यावर सगळं अवलंबून. दुसरं, जुन्या पुस्तकांत हा बदल सहाव्या जागी सांगितलेला दिसेल, नव्या नोंदींत सातव्या. पहिलं मेथिओनिन प्रथिन तयार होतानाच कापलं जातं, म्हणून जुनी मोजणी त्याच्या पुढून सुरू होते. शून्यापासून मोजायचं की एकपासून हा तुमच्याकडचा वाद इथेही आहे. डेटाबेसमधून उत्परिवर्तनं काढताना या एका आकड्याने बराच गोंधळ होतो, तेव्हा आत्ताच लक्षात ठेवा.

आता याच कोडॉनशी खेळा. तिसरं अक्षर बदलून जीएए केलं तर? अमिनो आम्ल तेच, बदल मूक. पहिलं अक्षर बदलून एएजी केलं तर लायसिन येतं, त्या हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन सी म्हणतात आणि तो वेगळा, बराच सौम्य विकार आहे. आणि मधला ए बदलण्याऐवजी गळालाच तर? चौकट सरकते. सीसीटीनंतर जीजीजी, एजीए, एजीटी, सीटीजी असं वाचन सुरू होतं, सगळी अमिनो आम्लं परकी, आणि एकोणिसाव्या जागी टीजीए हा थांबा लागतो. १४६ अमिनो आम्लांची साखळी सुरू होताच संपते. हा खरा, रुग्णांत सापडलेला बदल आहे, त्याने बीटा थॅलेसेमिया (बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही असा रक्तविकार) होतो. तोच ए: बदलला तर सिकल, गळाला तर थॅलेसेमिया. एनसीबीआयच्या (अमेरिकेतल्या जैवमाहितीच्या सरकारी भांडाराच्या) संकेतस्थळावरून पूर्ण अनुक्रम उतरवून घ्या आणि पायथॉनमध्ये दहा-पंधरा ओळींत स्वतःचा अनुवादक लिहून हे तपासा. तयार लायब्ररी वापरू नका, निदान पहिल्यांदा. तक्ता हाताने भरला की कोडॉनचं तिसरं अक्षर इतकं लवचीक का असतं ते न घोकता कळतं.

विद्यार्थी सगळ्यात जास्त घसरतात ते दिशेवर. डेटाबेसमध्ये दिसतो तो सांकेतिक धागा, पाच-प्राइमकडून तीन-प्राइमकडे (ही धाग्याच्या दोन टोकांची नावं) लिहिलेला. आरएनए पॉलिमरेज वाचतं समोरचा साचा धागा, आणि तोही उलट्या दिशेने. म्हणून एमआरएनए (जनुकाची आरएनएमधली प्रत) सांकेतिक धाग्यासारखाच दिसतो, फक्त टीच्या जागी यू. सिकलच्या कोडॉनवर ही चूक पकडली जात नाही, कारण जीएजीच्या समोरचा सीटीसी उलटसुलट कसाही वाचला तरी सीटीसीच राहतो. म्हणून सराव तिसऱ्या शब्दावर करा. सीएटीच्या समोर जीटीए येतो, पण तो त्याच्या स्वतःच्या पाच-प्राइम टोकाकडून वाचला तर होतो एटीजी, म्हणजे चक्क सुरुवातीचा कोडॉन! सहा चौकटींत (दोन्ही धाग्यांवर तीन-तीन) जनुक शोधणारा प्रोग्रॅम अशा ठिकाणी खोटी सुरुवात दाखवतो. हे एकदा कागदावर करून बघितलं की पीसीआरचे (डीएनएचा तुकडा अनेक पटींनी वाढवण्याच्या तंत्राचे) प्रायमर, म्हणजे सुरुवातीचे छोटे धागे, उलटे मागवायची वेळ येत नाही. प्रयोगशाळांत असे प्रायमर नेहमी येतात, आणि पैसे परत मिळत नाहीत.

पुढचा टप्पा एमआरएनए. सोळाशे जोड्यांपैकी प्रथिनाचा मजकूर फक्त ४४४ अक्षरांचा, थांब्याचा कोडॉन धरून. बाकी कुठे गेलं? दोन इन्ट्रॉन (मजकुराच्या मधले, भाषांतर न होणारे तुकडे) कापून टाकले जातात. एटीजीच्या आधी सुमारे पन्नास अक्षरं असतात ज्यांचं भाषांतर होत नाही, थांब्याच्या पुढे आणखी शेपूट असतं, एका टोकाला टोपी आणि दुसऱ्या टोकाला पॉली-ए, म्हणजे ए अक्षरांची रांग. पुस्तकात हे एका चित्रात उरकतात आणि वाचणाऱ्याला वाटतं इन्ट्रॉन म्हणजे भंगार. भारतात बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त आढळणारं उत्परिवर्तन पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या अक्षरात आहे: जीचा सी. अमिनो आम्ल ठरवणाऱ्या एकाही अक्षराला धक्का नाही, तरी कापायची जागा नीट ओळखता येत नाही म्हणून योग्य एमआरएनए फार कमी बनतो. इन्ट्रॉनचा धडा वाचताना हे एक उदाहरण मनात ठेवा, बाकीचं आपोआप जागेवर बसेल.

आता एमआरएनए केंद्रकाबाहेर आला. इथे मी वर्गात नेहमी विचारतो: ग्लोबिनचं प्रथिन कुठल्या रायबोसोमवर बनतं आणि पुढे कुठून कुठे जातं? बहुतेक हात वर होतात आणि उत्तर येतं, खडबडीत ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पटलांचं जाळं), मग गॉल्जी, मग पेशीपटल. पुस्तकातल्या त्या रंगीत चित्राचा हा प्रताप. प्रत्येक प्रथिन त्याच रस्त्याने जातं असं त्यातून ठसतं. हिमोग्लोबिन पेशीच्या आतच, पेशीद्रवात राहतं. त्याला बाहेर जायचंच नाही, म्हणून ते मोकळ्या रायबोसोमवर बनतं आणि तिथेच राहतं. ईआरच्या वाटेला जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीला सहसा एक संकेत-अनुक्रम असतो. तो नसेल तर रायबोसोम ईआरला चिकटत नाही. गुंटर ब्लोबेल यांना १९९९चं नोबेल याच शोधासाठी मिळालं.

म्हणून बीटा ग्लोबिनच्या शेजारी एक दुसरं जनुक ठेवा: इन्सुलिन. मूळ साखळी ११० अमिनो आम्लांची. पहिली २४ संकेताची, ईआरमध्ये शिरताना ती कापली जातात. मग घडी पडते, सल्फरचे पूल बनतात, मधला सी-पेप्टाइड वेगळा होतो, आणि उरतात २१ व ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या. आता रंगीत चित्र उघडा आणि त्यावर इन्सुलिनचा रस्ता एका रंगाने, ग्लोबिनचा दुसऱ्या रंगाने काढा. ग्लोबिनची रेघ फारच आखूड निघेल. ती आखूड का, हे दोन वाक्यांत लिहिता आलं तर प्रथिनांच्या वाहतुकीचा धडा झाला म्हणून समजा.

ग्लोबिन एकटं उपयोगाचं नाही, त्यात हीम बसावं लागतं. हीम बनवण्याच्या आठ पायऱ्या आहेत. पहिली मायटोकॉन्ड्रियात, पुढच्या चार पेशीद्रवात, शेवटच्या तीन पुन्हा मायटोकॉन्ड्रियात. पहिल्या पायरीला लागतं ग्लायसिन आणि सक्सिनिल-कोए. हे दुसरं नाव क्रेब्ज चक्रातलं, ओळखलंत? मायटोकॉन्ड्रिया म्हणजे ऊर्जाघर एवढंच पाठ करून आलेल्यांना इथे पहिल्यांदा दिसतं की त्या चक्रातून कच्चा मालही बाहेर पडतो. आणखी एक दुवा: लोह कमी पडलं, हीम घटलं, की लाल पेशी घडवणाऱ्या पेशींमधलं एचआरआय नावाचं काइनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) भाषांतराच्या सुरुवातीलाच ब्रेक लावतं. हीम नसताना ग्लोबिनचा ढीग साचू नये म्हणून ही सोय. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी लहान आणि फिकट का दिसतात याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे.

मग प्रथिनाची रचना. चार स्तरांच्या व्याख्या तुम्ही वाचल्याच असतील. त्या बाजूला ठेवा आणि सिकलचा बदल चारही स्तरांतून चालवा. पहिल्या स्तरावर एक अमिनो आम्ल बदललं. एका साखळीच्या घडीत जवळजवळ फरक नाही. दोन अल्फा आणि दोन बीटा मिळून होणारा चौकडीचा रेणूही ठीक बनतो, ऑक्सिजन धरतो, सोडतो. मग बिघडतं काय? ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, ते पाण्यात सुखाने राहतं. व्हॅलिनला पाणी नको असतं. ते रेणूच्या पृष्ठभागावर आहे, आणि ऑक्सिजन सुटल्यावर रेणूचा आकार बदलतो तेव्हा शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर एक पाणी टाळणारा खळगा उघडा पडतो. व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. एकामागे एक रेणू जोडले जाऊन लांब दोर तयार होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी होते. ऑक्सिजन असताना तो खळगा नीट उपलब्ध नसतो, म्हणून फुप्फुसात पेशी पुन्हा गोल होऊ शकते, निदान सुरुवातीच्या काही फेऱ्यांत. अमिनो आम्लांच्या बाजूच्या गटांचे भार आणि पाण्याशी असलेलं नातं हा भाग कंटाळवाणा वाटतो हे मला माहीत आहे. पण वीस अमिनो आम्लं भारानुसार चार-पाच गटांत विभागता येणं मला क्रेब्ज चक्राच्या पाठांतरापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

हा भाराचा फरक प्रत्यक्ष दिसतोही. १९४९ साली लायनस पाउलिंग आणि सहकाऱ्यांनी निरोगी आणि सिकल हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडलं आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. आजार एका रेणूत आहे हे त्यातून पहिल्यांदा दिसलं. वाहक (एकच प्रत बदललेल्या) व्यक्तीच्या नमुन्यात दोन्ही प्रकार दिसले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजमध्ये प्रथिनाचे ट्रिप्सिनने तुकडे करून ते कागदावर पसरवले आणि १९५७ पर्यंत दाखवून दिलं की फरक एकाच अमिनो आम्लाचा आहे. तेव्हा कोडॉनचा तक्ताही अस्तित्वात नव्हता, तो उलगडायला सुरुवात व्हायलाच १९६१ उजाडावं लागलं. प्रत्येक संकल्पनेपाशी ‘हे कुणाला, कसं कळलं?’ असं विचारायची सवय लावा. उत्तर प्रयोगाच्या रूपात सांगता येत नसेल तर ती संकल्पना अजून उसनी आहे.

पेशीपटलाचा धडा रुक्ष वाटतो म्हणून त्याला थोडा जास्त वेळ देतो. सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, एक एटीपी खर्च होतं. पाठ आहे ना? आता सिकल पेशीत काय होतं ते पाहा. वाकडी होताना पटलावर ताण येतो, कॅल्शियम आत शिरतं, त्याने पोटॅशियमची दारं उघडतात. पोटॅशियम बाहेर जातं, त्याच्या मागोमाग पाणी. पेशी आक्रसते, आतल्या हिमोग्लोबिनची संहती वाढते. दोर बनण्याचा वेग संहतीवर अतिशय तीव्रपणे अवलंबून असल्यामुळे वाकणं आणखी वाढतं. डॉक्टर सिकलसेलच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला का सांगतात ते यावरून समजेल. परासरण, विद्युतरासायनिक उतार, आयन मार्गिका हे तिन्ही विषय या एका साखळीत बसतात. ती साखळी पुस्तक न बघता बाणांनी काढून दाखवा.

आणि हे सगळं कुठल्या पेशीत चाललंय? पक्व लाल पेशीला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत. ऊर्जा फक्त ग्लायकोलिसिसमधून, एका ग्लुकोजमागे निव्वळ दोन एटीपी. ऑक्सिजन वाहून नेणारी पेशी स्वतः तो वापरत नाही. मग केंद्रक नसताना हिमोग्लोबिन बनतं कसं? अस्थिमज्जेत, पूर्वज पेशीत, केंद्रक असताना. केंद्रक बाहेर टाकल्यावरही एक-दोन दिवस उरलेल्या एमआरएनएवर काम चालू असतं. म्हणजे एमआरएनए किती टिकतो यालाही महत्त्व आहे. शरीर दर सेकंदाला सुमारे वीस लाख लाल पेशी बनवतं. निरोगी पेशी १२० दिवस जगते, सिकल पेशी बहुधा दहा ते वीस दिवस. यावर माझा आवडता प्रश्न: रक्ताच्या नमुन्यातून सिकलची डीएनए तपासणी करतात, तो डीएनए येतो कुठून? पांढऱ्या पेशींमधून. त्या हिमोग्लोबिन बनवत नाहीत, तरी बीटा ग्लोबिनचं जनुक त्यांच्यात आहेच. केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं, पण चालू थोडीच, हे वाक्य आता नुसतं वाक्य राहणार नाही.

यातून जनुक-नियमनाकडे वळा, कारण तुमच्या अभ्यासक्रमात पुढे याच्यावरच सगळ्यात जास्त भर असेल. बीटा ग्लोबिन एकटं नाही. अकराव्या गुणसूत्रावर एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा ही भावंडं ओळीने बसलेली आहेत, आणि गर्भापासून प्रौढापर्यंत ती साधारण त्याच क्रमाने वापरली जातात. बरंच दूर एक नियंत्रक प्रदेश आहे. डीएनएची वळी पडून तो ज्या जनुकाजवळ येतो ते जनुक जोरात चालतं. गर्भात गॅमा चालू, जन्मानंतर हळूहळू बीटा. म्हणून सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने सहसा ठणठणीत असतं, त्याच्या रक्तात अजून गर्भीय हिमोग्लोबिन असतं. नवजात बाळाची साधी विद्राव्यता चाचणी याच कारणाने फसू शकते. ही चाचणी मोठ्यांमध्येही वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस (वर आलेली विद्युतक्षेत्रातली पद्धत) किंवा एचपीएलसी ही रेणू वेगळे करणारी दुसरी तपासणी लागते.

गॅमा बंद ठेवण्यात बीसीएल-११-ए नावाच्या प्रथिनाचा मोठा हात आहे. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेली कॅसजेवी ही क्रिस्पर (डीएनए ठरावीक जागी कापण्याचं तंत्र) वापरणारी उपचारपद्धती नेमकी इथे कात्री लावते. विद्यार्थ्यांना हमखास वाटतं की क्रिस्परने सिकलचं अक्षर दुरुस्त केलं. तसं नाही. रुग्णाच्याच रक्तमूळपेशी बाहेर काढून बीसीएल-११-एचा एन्हान्सर (जनुकाचा वेग वाढवणारा डीएनएचा तुकडा) तोडतात. हा एन्हान्सर लाल पेशींच्या घराण्यापुरताच कामाचा, त्यामुळे इतर पेशींत ते प्रथिन चालू राहतं. गॅमा पुन्हा सुरू होतं, गर्भीय हिमोग्लोबिन वाढतं आणि दोर बनण्यात अडथळा येतो. सिकलचं जनुक होतं तिथेच आहे. आता स्वतःला विचारा: उपचार यशस्वी झालेल्या रुग्णाच्या मुलांना ते जनुक मिळेल का? मिळेल, बीज आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशींना कुणी हातच लावलेला नाही. कायिक आणि जननपेशी यांच्यातला फरक विचारायला याहून चांगला प्रश्न माझ्याकडे नाही.

पेशीविभाजनाचे टप्पे पाठ करण्यात फार वेळ घालवू नका. मायोसिसमध्ये जोडीतली गुणसूत्रं वेगळी होतात एवढं नीट कळलं की वाहक आई-वडिलांचं गणित सुटतं: प्रत्येक गरोदरपणात एक चतुर्थांश शक्यता रुग्ण मुलाची, निम्मी वाहकाची, एक चतुर्थांश दोन्ही जनुकं निरोगी असण्याची. ‘प्रत्येक’ या शब्दावर जोर द्या. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. समुपदेशन करताना सुशिक्षित जोडप्यांच्या तोंडूनही हे ऐकायला मिळतं. हे जनुक इतकं टिकून का राहिलं, तर वाहकांना फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून संरक्षण मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतल्या कामातून हे मांडलं. उत्क्रांतीचा धडा इथे जोडून घ्या आणि पुढे चला.

तंत्रांपैकी तीन पुरेत: रिस्ट्रिक्शन एन्झाइम, जेल, पीसीआर. वर लिहिलेल्या अनुक्रमात सीसीटी-जीएजी-जी असा तुकडा आहे. एमएसटी-२ हे एन्झाइम तो ओळखून कापतं. मधला ए जाऊन टी आला की ओळखण्याची जागाच नाहीशी होते. जुन्या सदर्न ब्लॉट तपासणीत (डीएनएचे तुकडे जेलवर लांबीनुसार वेगळे करून हवा तो ओळखण्याच्या पद्धतीत) म्हणूनच निरोगी जनुकाचा तुकडा १.१५ किलोबेसचा दिसायचा आणि सिकलचा १.३५चा. वाहकाच्या रांगेत काय दिसेल ते चित्र काढून ठरवा. पीसीआरची पहिली मोठी प्रसिद्धी १९८५ साली झाली तीही बीटा ग्लोबिनचा तुकडा वाढवून सिकलसेल ओळखण्यासाठीच.

थोडं अंकगणितही करा, अभियंत्याला ते जमतं आणि जीवशास्त्रवाले ते टाळतात. एका लाल पेशीत सुमारे ३० पिकोग्रॅम हिमोग्लोबिन, रेणुभार साधारण ६४,५००. किती रेणू? सुमारे २८ कोटी. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर किती लांब? सुमारे ६४० कोटी जोड्या, प्रत्येकी ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे दोन मीटरहून थोडा जास्त, आणि केंद्रक काही मायक्रोमीटरचं. क्रोमॅटिन का लागतं हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

आता काय सोडायचं. क्रेब्ज चक्रातल्या सगळ्या एन्झाइमांची नावं, प्रोफेजचे उपटप्पे, सायक्लिनांची यादी, वनस्पतीपेशीची खास अंगकं, हे सगळं सध्या सोडा. लागेल तेव्हा पुस्तक आहेच. बीटा ग्लोबिन ज्या भागाला स्पर्श करत नाही तो म्हणजे पेशींमधला संदेशवहनाचा धडा, असं वाटेल. पण तिथेही धागा आहे. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडात एचआयएफ हे प्रथिन टिकून राहतं, त्याने एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढतं, ते अस्थिमज्जेतल्या पेशींच्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटतं, आत जेएके-२ आणि एसटीएटी-५ कामाला लागतात, लाल पेशी वाढतात. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेला २०१९चं नोबेल मिळालं. ग्राही, काइनेज, केंद्रकापर्यंत पोचणारा निरोप, सगळं या एका वाटेवर भेटतं. पेशीचक्राचे तपासणी-नाके आणि कर्करोग यांना मात्र वेगळं उदाहरण लागेल, त्यासाठी पी-५३ हे कर्करोग रोखणारं जनुक घ्या.

रोजचा रिवाज साधा ठेवा. सकाळी एक तुकडा वाचा, संध्याकाळी कोऱ्या कागदावर न बघता त्याचं चित्र काढा, बाणांवर कारणं लिहा. जिथे बाण अडतो तेवढंच पुन्हा वाचा. ओळी रंगवणं आणि दुसऱ्याच्या नोट्स उतरवणं यातून अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, बाकी फारसं नाही. व्हिडिओ बघा, पण कागद काढून झाल्यावर, आधी नको.

महिन्याभरात बीटा ग्लोबिनचा फेरा पूर्ण होईल. दुसऱ्या महिन्यात थॅलेसेमिया घ्या. एनसीबीआयवर बीटा ग्लोबिनची नोंदलेली उत्परिवर्तनं शोधा, त्यांतली वीस निवडा आणि प्रत्येकापुढे लिहा: प्रमोटरमध्ये (जनुक चालू करणाऱ्या सुरुवातीच्या भागात) आहे, कापण्याच्या जागी, कोडॉनमध्ये की पॉली-एच्या संकेतात, एमआरएनए बनेल का, प्रथिन बनेल का, किती, आणि इलेक्ट्रोफोरेसिसवर काय दिसेल. आधी स्वतःचा अंदाज, मग नोंदीतलं उत्तर. जिथे दोन्ही जुळणार नाहीत ती ओळ वेगळी काढून ठेवा आणि वर्ग सुरू झाले की शिक्षकांना त्यावरूनच पहिला प्रश्न विचारा.